कॉम्प्लिमेंट पेटतं कसं ते पुस्तकात आहे, पण विझतं कसं?

मौदा तालुक्यात रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरणाऱ्या माणसाला नागाची भीती वेगळी सांगावी लागत नाही. पेंचचं पाणी सुटलं, धानाच्या बांध्या भरल्या, की उंदीर-बेडूक धुऱ्यावर चढतात आणि त्यांच्या मागे साप येतात. नागदंशात जीव जातो तो मुख्यतः मज्जातंतूंवर काम करणाऱ्या विषामुळे. श्वासाचे स्नायू ढिले पडतात. हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्याच विषात एक वेगळंच प्रथिन असतं. त्याने माणूस मरत नाही, पण ते रक्तातल्या एका अख्ख्या यंत्रणेला काही तासांत रिकामं करतं. त्याचं नाव कोब्रा व्हेनम फॅक्टर. आज ज्या विषयावर लिहायचं आहे, म्हणजे कॉम्प्लिमेंट यंत्रणेवरचं नियंत्रण, तो समजून घ्यायला मला तरी या प्रथिनाइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तद्रवातल्या आणि पेशींच्या पृष्ठभागावरच्या काही डझन प्रथिनांची साखळी. जंतूवर खूण करणं, पांढऱ्या पेशींना बोलावणं आणि शेवटी जंतूच्या पटलाला भोक पाडणं, ही तिची कामं. नेट-सेटची तयारी करताना आपण सगळ्यांनी तो तक्ता पाठ केलेला असतो: क्लासिकल मार्ग, लेक्टिन मार्ग, अल्टर्नेटिव्ह मार्ग, तिन्ही येऊन सी३ वर मिळतात, पुढे सी५, मग सी९ पर्यंतचं भोक पाडणारं संकुल. बाण सगळे खाली जाणारे. नियंत्रक प्रथिनं असतात ती तक्त्याच्या कडेला, बारीक अक्षरात, लाल रंगात. परीक्षेत त्यावर एक जोड्या लावा येतो आणि विषय संपतो.

संशोधनात उतरलात की उलटं दिसतं. कॉम्प्लिमेंटशी संबंधित जे आजार माणसाला खरोखर आडवं करतात, त्यातले बरेचसे कडेच्या त्या बारीक अक्षरांतले आहेत. आणि या यंत्रणेवर गेल्या वीस वर्षांत आलेली जवळपास सगळी औषधं म्हणजे बाहेरून लावलेला ब्रेक आहे.

मुळात ब्रेक इतका का लागतो?

कारण अल्टर्नेटिव्ह मार्ग कधीच पूर्ण बंद नसतो. रक्तात सी३ भरपूर असतं, मिलिलिटरमागे साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम. या रेणूच्या आत एक थायोएस्टर बंध दडलेला असतो. पाण्याच्या रेणूने तो बंध अधूनमधून आपोआप तुटतो. कोणताही जंतू नसताना, कोणीही हाक दिलेली नसताना. तुटलेलं सी३ हे सी३बी सारखं वागू लागतं, फॅक्टर बी ला पकडतं, फॅक्टर डी येऊन बी चा तुकडा पाडतो आणि एक कात्री तयार होते. ही कात्री म्हणजे सी३ कन्व्हर्टेज. ती आणखी सी३ कापते, त्यातून सी३बी निघतं, आणि ते सी३बी नवी कात्री बनवतं. एकातून अनेक, अनेकातून कित्येक. या सावकाश, सतत चालणाऱ्या पेटण्याला टिकओव्हर म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की नुकतंच कापलेलं सी३बी आंधळं असतं. त्याचा थायोएस्टर उघडा पडतो तेव्हा जवळ जे हायड्रॉक्सिल किंवा अमिनो गट सापडेल त्याला ते सहसंयुज बंधाने चिकटतं. त्याच्याकडे वेळ असतो १०० मायक्रोसेकंदांहून कमी. तेवढ्यात काही मिळालं नाही तर पाण्याशी संयोग होऊन ते निकामी होतं. मिळालं, तर ते जंतू आहे की तुमचीच तांबडी पेशी आहे, हे सी३बी बघत नाही. प्रतिपिंडासारखी ओळख पटवण्याची सोय इथे नाही. म्हणजे आपलं-परकं हा निर्णय चिकटताना होतच नाही, तो चिकटल्यानंतर होतो. ज्या पृष्ठभागावर ब्रेक लागला तो आपला. जिथे लागला नाही तो परका.

हे वाक्य पुन्हा वाचा. मला हे कळायला पीएचडीचं पहिलं वर्ष गेलं, आणि त्यानंतर तो तक्ता कधीच पूर्वीसारखा दिसला नाही.

आता नागाकडे परत या. कोब्रा व्हेनम फॅक्टर हा सी३ चाच सापातला नातेवाईक. तो आपल्या रक्तात आला की सी३बी सारखाच फॅक्टर बी ला धरतो, फॅक्टर डी येतो, कात्री तयार होते. आपली स्वतःची कात्री ३७ अंशांवर साधारण ९० सेकंदांत निम्मी विस्कटते. नागाच्या प्रथिनाची कात्री निम्मी व्हायला जवळपास सात तास लागतात. शिवाय आपला फॅक्टर एच आणि फॅक्टर आय, दोघेही तिचं काही वाकडं करू शकत नाहीत. परिणाम काय होतो, तर ती सी३ कापतच राहते आणि काही तासांत रक्तातलं सी३ जवळजवळ संपतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्लेक्सनर आणि नोगुची यांनी पाहिलं होतं की नागाचं विष मिसळलं की रक्तद्रवाची जंतू मारण्याची ताकद जाते. कारण कळायला पुढे अनेक दशकं लागली. आज प्रयोगशाळेत प्राण्याचं कॉम्प्लिमेंट तात्पुरतं रिकामं करायला हेच शुद्ध केलेलं प्रथिन वापरतात.

दोन कात्र्यांमध्ये कापण्याची पद्धत तीच, घटकही जवळपास तेच. फरक फक्त बंद होण्याचा. ९० सेकंद आणि सात तास.

बंद करण्याचे दोन अर्थ

इथे विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून सावकाश जाऊ. सी३ कन्व्हर्टेज बंद करायचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि पुस्तकं त्यांना एकाच शब्दात गुंडाळतात.

पहिला मार्ग: कात्रीची दोन पाती वेगळी करणं. सी३बी वर बसलेला बीबी हा तुकडा ढकलून काढायचा. बीबी एकदा निघाला की परत बसत नाही, म्हणून ती कात्री संपली. याला डिके ॲक्सिलरेशन म्हणतात. कात्री तशीही आपणहून विस्कटणारच होती, नियंत्रक ती प्रक्रिया फक्त खूप वेगवान करतो. पण लक्षात घ्या, खाली चिकटलेलं सी३बी अजून शाबूत आहे. नवा फॅक्टर बी आला की तिथेच पुन्हा कात्री उभी राहू शकते.

दुसरा मार्ग: ते सी३बी च कायमचं निकामी करणं. हे काम फॅक्टर आय चं. हा एक प्रोटिएझ आहे आणि त्याची गंमत अशी की तो रक्तात सक्रिय अवस्थेतच फिरतो. रक्तातले बाकीचे बरेच प्रोटिएझ सुप्त असतात, कोणीतरी कापल्यावर जागे होतात, आणि त्यांना अडवायला वेगळे रोधक असतात. फॅक्टर आय ला शरीरात नैसर्गिक रोधक माहीत नाही. मग तो दिसेल ते का कापत सुटत नाही? कारण एकट्या सी३बी वर त्याची धार चालत नाही. शेजारी कोफॅक्टर बसलेला हवा. कोफॅक्टर सी३बी ला धरतो, त्या दोघांच्या मिळून झालेल्या जागेत फॅक्टर आय बसतो आणि मगच कापतो. तो सी३बी च्या अल्फा साखळीत जवळजवळच्या दोन ठिकाणी काप घेतो, मधला १७ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा सुटतो आणि उरतं ते आयसी३बी. आयसी३बी फॅक्टर बी ला धरू शकत नाही, म्हणजे त्या जागी कात्री पुन्हा कधीच उभी राहणार नाही. पांढऱ्या पेशींना मात्र ते अजून ओळखू येतं. म्हणजे आग विझली तरी खूण राहते. पुढे सीआर१ हा कोफॅक्टर असेल तर फॅक्टर आय आणखी एक काप घेतो, सी३सी सुटून जातं आणि पृष्ठभागावर फक्त सी३डीजी चिकटून राहतं.

आता हे दोन निकष हातात धरून नियंत्रक प्रथिनांकडे बघा, पाठांतराची गरजच उरत नाही. फॅक्टर एच आणि सीआर१ दोन्ही कामं करतात. सी४बीपी सुद्धा दोन्ही करतं, पण त्याचं लक्ष मुख्यतः क्लासिकल आणि लेक्टिन मार्गातल्या सी४बी वर. डीएएफ, म्हणजे सीडी५५, फक्त पाती वेगळी करतो. त्याच्यात कोफॅक्टरचा गुण नाही. एमसीपी, म्हणजे सीडी४६, फक्त कोफॅक्टर आहे. पाती वेगळी करणं त्याला जमत नाही. आपल्या बहुतेक पेशींवर हे दोघं शेजारी शेजारी असतात: एक कात्री सोडवतो, दुसरा तळ उखडतो. तांबड्या पेशींवर मात्र सीडी४६ नसतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

ही पाचही प्रथिनं एकाच प्रकारच्या मण्यांची माळ आहेत. एक मणी म्हणजे साधारण ६० अमिनो आम्लांचा सीसीपी डोमेन. फॅक्टर एच मध्ये असे २० मणी. त्यातले पहिले चार ब्रेकचं काम करतात. शेवटचे दोन, आणि मधला सातवा, पृष्ठभाग ओळखतात: आपल्या पेशींवरचं सियालिक आम्ल, हेपारिनसारख्या साखळ्या. म्हणजे आपलं-परकं या निर्णयाचा पत्ता शोधायचा असेल तर तो बराचसा या शेवटच्या दोन मण्यांत सापडतो.

याचा एक जुना, अतिशय सुंदर पुरावा आहे. मेंढीच्या तांबड्या पेशींवर सियालिक आम्ल भरपूर असतं, म्हणून माणसाच्या रक्तद्रवातला अल्टर्नेटिव्ह मार्ग त्यांना हात लावत नाही. सशाच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. मेंढीच्याच पेशींवरचं सियालिक आम्ल एन्झाइमने काढून टाकलं की त्यावर अल्टर्नेटिव्ह मार्ग पेटू लागतो. पेशी तीच, फॅक्टर एच तोच, फक्त ओळखपत्र काढून घेतलं. आजही अनेक प्रयोगशाळांत फॅक्टर एच चं काम तपासायला मेंढीच्या पेशी वापरतात: रुग्णाच्या रक्तद्रवाने त्या फुटल्या, तर पृष्ठभागावरचा ब्रेक बिघडलाय असा संशय घ्यायचा.

बाकीचे नियंत्रक थोडक्यात. सुरुवातीला सी१ इनहिबिटर असतो, तो सी१आर आणि सी१एस ना कायमचा चिकटून बाहेर खेचतो. शेवटी सीडी५९ असतो, तो सी९ ना एकत्र येऊन भोक पाडू देत नाही. रक्तद्रवात भरकटलेल्या अर्धवट संकुलांना व्हिट्रोनेक्टिन आणि क्लस्टरिन गुंडाळतात. सी३ए आणि सी५ए या सूज आणणाऱ्या तुकड्यांच्या टोकाचं आर्जिनिन कार्बॉक्सिपेप्टिडेज एन काढून टाकतं.

ब्रेकची चोरी, आणि पुण्याचं काम

ज्या पृष्ठभागावर ब्रेक आहे तो आपला, असा नियम असेल तर जंतू काय करेल? ब्रेक पळवेल. मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस नेमकं हेच करतो. त्याच्या पृष्ठभागावर माणसाचा फॅक्टर एच पकडणारं एक प्रथिन असतं. त्याच प्रथिनाला धरून पुढे मेनिंगोकोकस बी ची लस बनवली गेली.

विषाणू त्याहून पुढे गेले, त्यांनी ब्रेक स्वतःच बनवायला घेतला. १९८८ मध्ये गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी नेचरमध्ये दाखवलं की देवीच्या लशीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया विषाणू एक प्रथिन बाहेर सोडतो आणि त्याची रचना आपल्या कॉम्प्लिमेंट नियंत्रकांसारखी आहे. त्याला व्हीसीपी म्हणतात. चार मणी, बस. (पहारा चुकवणारं प्रथिन कोतवालांनीच शोधावं, हा योगायोग मला दरवेळी हसवतो.) प्रत्यक्ष देवीच्या विषाणूतलं तसंच प्रथिन म्हणजे स्पाइस. दोघांत फक्त ११ अमिनो आम्लांचा फरक, पण माणसाचं सी३बी निकामी करण्यात स्पाइस सुमारे १०० पटीने वरचढ, असं २००२ साली दिसून आलं.

इथून पुढची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. तिथे अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेने विषाणूंच्या या नकली ब्रेकवर बरीच वर्षं काम केलं; कापोसी सार्कोमाच्या विषाणूतलं कापोसिका, व्हीसीपी, स्पाइस. त्या ११ जागा एकेक करून बदलून पाहिल्या तेव्हा दिसलं की वरचढपणा अकराच्या अकरा जागांत वाटलेला नाही, मोजक्या काही जागांवरच तो टिकून आहे आणि त्यात विद्युतभाराचा वाटा मोठा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे पेपर जरूर मिळवून वाचावेत. ‘प्रथिन काम करतं’ इथून ‘प्रथिनाचा नेमका कोणता भाग कोणतं काम करतो’ इथपर्यंत कसं जायचं, याचा तो चांगला धडा आहे. त्यात डिके आणि कोफॅक्टर ही दोन्ही कामं वेगवेगळी मोजलेली असतात, आणि कधी कधी एकच बदल एक काम मारतो आणि दुसरं ठेवतो.

साहूंचं आणखी एक काम त्याआधीचं, अमेरिकेतलं. १९९६ मध्ये साहू, के आणि लॅम्ब्रिस यांनी फेज डिस्प्लेच्या लायब्ररीतून सी३ ला चिकटणारं एक पेप्टाइड शोधलं. त्याचं कामापुरतं रूप म्हणजे १३ अमिनो आम्लांचं वलय. नाव ठेवलं कॉम्पस्टॅटिन. त्यात सुधारणा होत होत पेगसेटाकोप्लॅन हे औषध तयार झालं आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला पीएनएच या आजारासाठी मान्यता मिळाली. मधे २५ वर्षं गेली. पीएचडी चार वर्षांत ‘उपयोगी’ व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ब्रेक निकामी झाला की

पीएनएच हा नियंत्रणाच्या अभ्यासातला जणू निसर्गानेच केलेला प्रयोग आहे. सीडी५५ आणि सीडी५९ पेशीपटलात थेट रुतलेले नसतात, जीपीआय नावाच्या एका चरबीच्या खुंटीला टांगलेले असतात. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत पिगा या जनुकात बिघाड झाला की ती खुंटीच बनत नाही. त्या पेशीपासून बनलेल्या सगळ्या तांबड्या पेशी ब्रेकशिवाय रक्तात येतात. सीडी४६ त्यांच्यावर आधीच नसतो. टिकओव्हर तर चालूच आहे. पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, लघवी काळसर होते, आणि रुग्णाला सर्वांत जास्त धोका असतो तो रक्ताच्या गुठळ्यांचा.

आता प्रश्न: दोघांपैकी जास्त महत्त्वाचा ब्रेक कोणता? उत्तर प्रयोगशाळेत नाही, माणसांत सापडलं. इनाब नावाचा एक दुर्मिळ रक्तगट प्रकार आहे, त्यात सीडी५५ जन्मतःच नसतो. या लोकांच्या पेशी सहसा फुटत नाहीत. उलट जपानमध्ये १९९० मध्ये वर्णन झालेल्या एका रुग्णात फक्त सीडी५९ नव्हता, आणि त्याला पीएनएचसारखाच त्रास होता. म्हणजे तांबडी पेशी फुटू न देण्यात शेवटच्या दारावरचा सीडी५९ भारी. पण यावरून सीडी५५ निरुपयोगी असं समजू नका. २००७ पासून मिळणारं एक्युलिझुमॅब सी५ ला अडवतं, म्हणजे शेवटचं दार बंद करतं. पेशी फुटणं थांबतं, पण वरती सीडी५५ नसल्यामुळे तांबड्या पेशींवर सी३ चे तुकडे साचत राहतात आणि यकृत-प्लीहा त्या पेशी उचलून नेतात. काही रुग्णांचं हिमोग्लोबिन म्हणूनच पुरेसं वर येत नाही. सी३ वर, किंवा फॅक्टर बी वर काम करणारी औषधं का लागली, याचं उत्तर इथे आहे. आणि बाहेरून लावलेल्या ब्रेकची किंमतही असते: सी५ अडवलेल्या माणसाला मेनिंगोकोकसचा धोका हजारपटीहून जास्त वाढतो, म्हणून आधी लस द्यावी लागते.

दुसरा आजार ॲटिपिकल एचयूएस. तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात, मूत्रपिंड बंद पडतं, लहान मुलांतही. युरोपात यामागे बहुतेकदा जनुकीय बिघाड सापडतो. भारतातलं चित्र वेगळं निघालं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात १३८ मुलांमध्ये फॅक्टर एच विरुद्धचे प्रतिपिंड सापडले. एचयूएसच्या रुग्णांपैकी हे प्रमाण ५६ टक्के होतं. म्हणजे ब्रेक जन्मतः नीट होता, शरीराने स्वतःच त्यावर हल्ला केला. हे प्रतिपिंड बहुधा त्या शेवटच्या दोन मण्यांपाशी, पृष्ठभाग ओळखणाऱ्या टोकापाशी चिकटतात. हा फरक नुसता अभ्यासाचा नाही. कारण प्रतिपिंड असेल तर प्लाझ्मा बदलणं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी साधी औषधं वेळेत दिली तर मूल वाचतं, मूत्रपिंडही वाचू शकतं. आणि ही औषधं एक्युलिझुमॅबसारखी घरदार विकायला लावणारी नाहीत. परदेशी पाठ्यपुस्तकातला क्रम जसाच्या तसा लावला असता तर या मुलांत पहिला प्रश्न चुकीचा विचारला गेला असता.

तिसरा, आनुवंशिक अँजिओएडिमा. यात सी१ इनहिबिटर कमी असतो किंवा काम करत नाही. जनुकाची एक प्रत चांगली असूनही पातळी निम्म्याहून खाली जाते, कारण हा रोधक एकदा वापरला की संपतो. अधूनमधून ओठ, हात, पोट सुजतं. घसा सुजला तर जीव जाऊ शकतो. इथे एक फसवी जागा आहे, मुलाखतीत हमखास विचारतात. ही सूज कॉम्प्लिमेंटच्या तुकड्यांमुळे येत नाही. सी१ इनहिबिटर कॅलिक्रेनलाही आवरतो. तो आवर सुटला की ब्रॅडिकायनिन वाढतं आणि त्याने सूज येते. म्हणूनच ॲलर्जी समजून दिलेलं ॲव्हिल, स्टेरॉइड, अगदी ॲड्रेनलिनही यात उपयोगी पडत नाही. कॉम्प्लिमेंटचा उपयोग निदानाला होतो: सी१एस मोकाट सुटल्यामुळे सी४ सतत कापलं जातं आणि रक्तातलं सी४ बहुतेकांत झटका नसतानाही कमी दिसतं. सी४ ची तपासणी महाग नाही. सुचली पाहिजे, एवढंच. घरात कोणाला वारंवार अशी सूज येत असेल, पित्त उठत नसेल, खाज नसेल, आणि आईला किंवा वडिलांनाही तोच त्रास असेल, तर डॉक्टरांना सी४ बद्दल विचारा.

मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, एनआयआयएच. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली. जन्मजात प्रतिकारदोषांवर तिथे काम चालतं. आपल्या विदर्भातल्या मुलांनी एक लक्षात ठेवा: हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी या संस्थेचं एक केंद्र चंद्रपूरला आहे. सिकलसेल आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला आजार. सिकल पेशी फुटल्यावर बाहेर पडणारं हीम अल्टर्नेटिव्ह मार्ग पेटवतं, असे पुरावे आहेत. सिकलसेलमध्ये ब्रेक किती पुरतो, कुठे कमी पडतो, हा प्रश्न विदर्भात बसून विचारण्यासारखा आहे.

हात घालण्यापूर्वी

काही व्यवहारी गोष्टी, ज्या पेपरच्या ‘पद्धती’ विभागात एका ओळीत उरकलेल्या असतात.

कोफॅक्टरचं काम जेलवर बघतात. शुद्ध सी३बी, कोफॅक्टर आणि फॅक्टर आय ३७ अंशांवर ठेवायचे, ठरावीक वेळी थोडं काढून जेलवर चालवायचं. सी३बी च्या दोन पट्ट्या दिसतात: वर अल्फा साखळी, साधारण ११० किलोडाल्टनजवळ, खाली बीटा, ७५ ला. काप झाला की अल्फा फिकी होत जाते आणि ६८ व ४३ च्या आसपास नव्या पट्ट्या उगवतात. बीटा जशीच्या तशी, म्हणून तिलाच आधार धरून मोजमाप करा. नमुन्यात डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन घातलं नाही तर तुकडे एकमेकांना बांधलेलेच राहतात आणि काहीच झालं नाही असं वाटतं. दोन नियंत्रण नळ्या हव्यातच: एकीत कोफॅक्टर नाही, एकीत फॅक्टर आय नाही. या जेलवरून डिके ॲक्सिलरेशनबद्दल काहीही कळत नाही. त्यासाठी आधी कात्री उभी करून मग नियंत्रक घालायचा आणि किती बीबी उरला ते मोजायचं. ‘आमच्या प्रथिनाने कॉम्प्लिमेंट रोखलं’ असं कोणी पोस्टरवर लिहिलं असेल तर पहिला प्रश्न हाच: यातलं कोणतं?

५६ अंशांवर अर्धा तास तापवलेला रक्तद्रव आपण ‘इनॲक्टिव्हेटेड’ म्हणतो. तो शब्द ढिला आहे. तापवल्याने फॅक्टर बी आणि सी२ यांसारखी नाजूक प्रथिनं जातात, म्हणून साखळी चालत नाही. सगळी प्रथिनं नष्ट झाली असं नाही. ईडीटीए ने थांबवणं वेगळं: ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही काढून घेतं, म्हणून तिन्ही मार्ग थांबतात. ईजीटीए सोबत मॅग्नेशियम दिलं तर फक्त अल्टर्नेटिव्ह मार्ग चालू राहतो. प्रश्न कोणता विचारायचा आहे, त्यावर कोणती नळी ते ठरतं.

आणि नमुना. समजा मे महिन्यात मौद्याला रक्त घेतलं आणि भंडारा रोडने नागपूरला पाठवलं. तीस-पस्तीस किलोमीटर, पण बाहेर ४५ अंश आणि डबा मोटरसायकलच्या डिक्कीत. नळीत रक्तवाहिनीचं अस्तर नाही, काच आणि प्लास्टिक मात्र आहे. टिकओव्हर नळीतही चालूच असतो. नागपूरला पोचेपर्यंत सी३ए वाढलेलं दिसेल आणि तुम्ही त्याला आजार समजाल. सक्रियतेचे तुकडे मोजायचे असतील तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, लगेच बर्फ, तासाभरात थंड सेंट्रिफ्यूज, आणि प्लाझ्मा छोट्या छोट्या भागांत उणे ८० ला. साखळीचं काम मोजायचं असेल, म्हणजे सीएच५० वगैरे, तर ईडीटीए चालणार नाही, लाल झाकणाच्या नळीतला रक्तद्रव हवा, तोही तसाच पटकन वेगळा करून गोठवलेला. एकदा वितळवलेला नमुना पुन्हा गोठवू नका. नळीवर वेळ लिहा: रक्त घेतल्याची, आणि फ्रीझरमध्ये टाकल्याची. मधलं अंतर तासांत मांडून आलेखावर आकड्यांशेजारी ठेवा. सी३ए जर रुग्णांपेक्षा त्या अंतराशीच जास्त जुळत असेल, तर नमुने परत घ्यावे लागतील.